आबांच्या नावावरच्या तक्रारी

मी मूळची पेठची. माहेरचं घर हायवेला लागून, त्यामुळे मोबाइलला रेंज नसणं म्हणजे काय हे लग्न होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. डिंगोऱ्यात सून म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात समजलं. इथे नेट पाहुण्यासारखं येतं, गच्चीवर जरा टेकतं आणि चहा व्हायच्या आत निघून जातं. माझी नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, प्रोग्रॅम लिहिण्याची, आणि काम घरून. त्यामुळे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी लॅपटॉप घेऊन मी दिवसभर बसते. उन्हाळ्यात तिथे डोकं तापतं. ते फक्त पत्र्यामुळेच तापतं, असं मात्र आमच्या घरातलं कुणी म्हणणार नाही.

आमच्या भावकीची आणि शेजारच्या काही घरांची मिळून एक सामाईक पाइपलाइन आहे. नदीवर मोटर, तिथून वर डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाइप. मध्ये जागोजागी वॉल, म्हणजे पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेताकडे वळवायच्या लोखंडी चक्र्या. प्रत्येक वॉलभोवती विटांनी बांधलेला पुरुषभर खोल खड्डा, त्याला चेंबर म्हणायचं. या लाइनीवर रोज काहीतरी बिघडतं. कुठे वॉल गळतो, कुठे स्टार्टर उडतो, मोटर जळाली तर ती उचलून जुन्नरला मिस्त्रींकडे न्यावी लागते.

हे सगळं पूर्वी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालायचं. कुणीतरी लिहायचं, ‘तीन नंबर वॉल गळतोय.’ त्यावर लगेच गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ, मग कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक, मग ओतूरच्या बाजारातले कांद्याचे भाव. तक्रार गेली खाली. दोन दिवसांनी तोच माणूस तीच तक्रार शिव्यांसकट लिहायचा आणि मग वॉल राहायचा बाजूला, शिव्यांवरून भांडण सुरू व्हायचं. लाइनीचा सचिव नात्यानं माझा दीर, डेअरी चालवतो. सगळ्यांची बोलणी तोच खायचा आणि शेवटी पाना घेऊन तोच जायचा.

अशाच एका भांडणाच्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. मी त्याला म्हणाले, “आमच्या ऑफिसात असल्या गोष्टींसाठी इश्यू ट्रॅकर असतो. प्रत्येक तक्रारीला नंबर. कुठे बिघडलं, काय बिघडलं, काम कुणाकडे, उघडी आहे की मिटली, सगळं दिसतं. फुलं टाकायला जागाच नसते.”

“मंग आपल्याला बी बसवा की, वहिनी,” तो म्हणाला.

बसवला. फुकटात मिळणारा एक ट्रॅकर घेतला आणि सगळ्यांची नावं, नंबर घातले. पण त्याचं पान उघडायला इतका वेळ घ्यायचं की बघवेना. डेअरीत दुधाची रांग उभी, सचिव कॉम्प्युटरसमोर बसलेला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय. लोक म्हणायला लागले, वहिनींनी दूध घुसळायचं मशीन आणलं. मला हे जिव्हारी लागलं. मी ठरवलं की पानच नको. आपण कमांड लाइनचं टूल लिहायचं.

कमांड लाइन म्हणजे तो काळा पडदा. त्याच्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. ऑफिसात आम्ही रात्रंदिवस त्याच्यातच असतो. मला हवं होतं ते एवढंच, की सचिवानं ‘तक्रार नवी’ असं लिहावं, टूलनं त्याला तीन प्रश्न विचारावेत, कुठे, काय आणि कोण, आणि तक्रार स्वतःजवळ धरून ठेवावी. नेट आलं की आपोआप ट्रॅकरला पाठवावी. नाही आलं तर गप्प बसावं, चक्र फिरवू नये. ‘तक्रार दाखव’ म्हटलं की यादी यावी आणि ‘तक्रार मिटव’ म्हणून नंबर दिला की ती मिटावी. कमांड मराठीत ठेवायच्या हा माझा हट्ट.

त्या हट्टानं मला रडवलं. त्या काळ्या पडद्याला मराठी धड मांडता येत नाही. त्याचा हिशोब एका अक्षराला एक चौकट असा, आणि आपले काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं कशाला किती जागा द्यायची हे त्याला कळत नाही. त्यामुळे यादीतले रकाने सरळ एकाखाली एक यायचेच नाहीत. मी सुट्टीचे दिवस घालवले. नवरा म्हणाला, इंग्रजीत कर. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. शेवटी जागा वाचवायला म्हणून यादीतला शेवटचा रकाना, ‘कोण’, मी दाखवायचाच बंद केला. काम कुणाच्या नावावर आहे हे टूल विचारत होतं, ट्रॅकरला बरोबर पाठवत होतं, फक्त यादीत दिसत नव्हतं. काय बिघडलंय ते दिसलं म्हणजे पुरे, असं मला वाटलं.

सचिव पहिल्या दिवशी काळा पडदा बघून दचकला. “वहिनी, व्हायरस आला वाटतं,” म्हणाला. आठवड्याभरात मात्र तो इतक्या झोकात एंटर मारायला लागला की रांगेतली माणसं दूध विसरून बघत राहायची.

मग मला अजून एक सुचलं. तडा गेलेला एक जुना फोन होता, त्यात सिम घालून मी तो खिडकीत ठेवला आणि टूलला जोडला. ज्याच्या नावावर तक्रार उघडी आहे, त्याला रोज सकाळी तो आपण होऊन साधा मेसेज पाठवणार. मजकूर मीच लिहिला, जरा सरकारी थाटाचा: ‘आपल्या नावावरील पुढील तक्रार अद्याप मिटलेली नाही. कृपया लक्ष द्यावे.’ आणि नियम घातला की ज्याच्या नावावर तक्रार, त्यानंच सचिवाला सांगून ती मिटवायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ऑफिसात यावरून आमची डोकी फुटायची बाकी असतात, म्हणून इथे मी आधीच कडक राहिले.

तक्रारी धडाधड यायला लागल्या. मिटत मात्र एकही नव्हती.

मी सचिवाला विचारलं, “कामं करत नाही का कुणी?”

तो डेअरीच्या दारात उभा होता. डोकं खाजवत म्हणाला, “त्येच तर कळंना, वहिनी. मी पाच नंबरला पाना घिऊन गेलो, तर वॉल बांधल्याला. सायकलच्या टुबची पट्टी, वर सुतळी, लई घट्ट. तीन नंबरला गेलो, तितं बी तसंच. काम व्हतंय. पन करतंय कोण?”

मला वाटलं हा थट्टा करतोय. पण चार जणांनी तेच सांगितलं. ग्रुपवर एकानं लिहिलं, भूत असेल तर ठेवून घ्या, त्याला जेवायलाही घालावं लागत नाही. लोक हसले. मी पण हसले. पुढच्या आठवड्यात त्या भुतानं सहा नंबरच्या वॉलची चक्री उलटी फिरवली आणि सगळं पाणी एकाच्या काढून पडलेल्या कांद्यात घुसलं. मग कुणी हसलं नाही. ज्याचा कांदा भिजला तो सचिवाच्या अंगावर धावून गेला. सचिव म्हणाला, मी नाही. दुसरा म्हणाला, मी नाही. प्रत्येक जण मी नाही म्हणतोय आणि लाइनीवर रोज कुणाचा तरी हात फिरतोय! मला तर घरात बसूनसुद्धा चमत्कारिक वाटायला लागलं.

आबांच्या घरून माझ्याकडे कुणी सहसा गच्चीवर येत नाही. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले. ही पाइपलाइन त्यांनी तरुणपणी उभी केली. आता वय झालं, कान मंद झाले, राग तेवढा तरणाताठा राहिला. लाइनीचा पहिला नारळ त्यांच्या हातचा, मीटिंगची पहिली खुर्ची त्यांची. आत्याबाई, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवशी दुपारी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. धाप लागली होती. त्यांनी आबांचा बटणांचा फोन माझ्या लॅपटॉपवर आपटला.

“काय पाठवतीस गं म्हाताऱ्याला रोजच्याला?”

“मी? आबांना?”

“सकाळी ह्ये टिंग वाजतं का, चष्मा लावत्यात, वाचत्यात आन् निघत्यात. भाकरी बांदून दे म्हंत्यात. मला काय सांगत न्हाईत. परवा पाठीला चिखल, काल गुडगं फुटल्यालं. आन् रातच्याला झोपंत बडबडत्यात, न्हाई मिटली, न्हाई मिटली. काय मिटंना, सांग मला.”

मी फोन उचलला. मेसेज उघडले. सगळे माझे. माझ्याच शब्दांत, माझ्याच त्या सरकारी थाटात. आपल्या नावावरील पुढील तक्रार अद्याप मिटलेली नाही. पाच नंबर वॉल गळतो. कृपया लक्ष द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच नंबर. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तो माणूस वॉल बांधून घरी येत होता. मिटव असं सचिवाला सांगायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि माझं टूल त्याला रोज सकाळी सांगत होतं की तू काल केलेलं काम झालेलं नाही. तो पुन्हा जायचा, सुतळी सोडायचा, पुन्हा बांधायचा.

“आत्ता कुठे आहेत ते?” मी ओरडले.

“वरल्या अंगाला. सकाळच्यालाच गेल्यात. डबा बी न्हेला न्हाई, म्हनून तर आले मी.”

शेवटचा मेसेज बघितला. अकरा नंबर, डोंगराच्या पायथ्याचा, लाइनीतला सगळ्यात वरचा वॉल. मी गच्चीच्या कठड्याला टेकून सचिवाला फोन लावला, तो गाडी घेऊन आला आणि मी मागे बसले.

लांबूनच मक्याच्या वर पाण्याचा फवारा दिसला. जवळ गेलो तर चेंबरमध्ये आबा छातीभर पाण्यात उभे. वॉलची वरची टोपी खोललेली, पाइपातून पाणी सुसाट येतंय आणि खड्डा भरत चाललाय. त्यांचा एक पाय पाइप आणि विटांच्या मध्ये अडकला होता. दोन्ही हातांनी त्यांनी कडा धरली होती. ओठ निळे पडलेले. मला बघून त्यांनी काय म्हणावं?

“आलीस? तुझ्या मशिनीला सांग. उघडून बगितला. आतनं चांगला हाये.”

चांगलाच होता. सचिवानं तो चार दिवसांपूर्वी नवा बसवला होता. फक्त तक्रार मिटवली नव्हती. रोज मेसेज येतोय म्हणजे आत खोल काहीतरी बिघडलं असणार, असा आबांनी हिशोब केला आणि धडधाकट वॉल उकलून बसले.

मोटर बंद केल्याशिवाय पाणी थांबणार नव्हतं. मोटर खाली नदीवर. सचिवानं फोन काढला, रेंज नाही. हात वर करून गोल फिरला, नाही. मग त्यानं गाडीला किक मारली आणि रेंज मिळेल तिथपर्यंत खाली पळाला. मी एकटी उरले. पालथी पडून आबांच्या काखांत हात घातले. ओढत होते, पण पाय निघेना. पाणी खांद्यापर्यंत आलं. मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्यांच्यावर ओरडत होते, कशाला आलात, कुणी सांगितलं होतं तुम्हाला! त्यांना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. ते हनुवटी वर करून आभाळाकडे बघत होते. पाणी गळ्याला लागलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, माझ्या तोंडून बाहेर पडलं ते फक्त मोटर, मोटर, मोटर.

फवारा बसला. आधी थोडा, मग एकदम. मी तशीच त्यांना धरून पडले होते. सचिव आणि आणखी दोघं आले, त्यांनी विटा फोडून पाय मोकळा केला.

ओतूरच्या डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. हाड मोडलं होतं, पण बाकी माणूस ठणठणीत. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला, आणि घरी येऊन मी लॅपटॉप उघडल्यावर पुन्हा उडाला. यादीतला तो झाकलेला रकाना मी पहिल्यांदा दाखवायला लावला. रकाने वाकडेतिकडे आले, येऊ देत म्हटलं. एकाखाली एक, आबा, आबा, आबा, आबा. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक तक्रार आबांच्या नावावर. दुसरं नाव औषधालासुद्धा नाही.

मी सचिवाला घरी बोलावलं. “हे काय आहे?”

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. “कोण म्हनून इचारतंय की ते. मंग आबांचंच नाव टाकायचं ना?”

“अरे, कोण म्हणजे काम कोण करणार!”

“काम तर मीच करनार, वहिनी. पन वर नाव आबांचं नको? लग्नाच्या पत्रिकेत सुदिक पैलं नाव त्यांचंच. ते हायेत तवर माझं नाव वर कसं टाकू? लोक काय म्हनतील, सचिव लई शाना झाला.”

“आणि मिटवल्या का नाहीस? तू नवा वॉल बसवलास ना?”

“तुमीच नियम केला. ज्याच्या नावावर त्यानं मिटवायची.” तो खाली बघून म्हणाला. “थोरल्याच्या नावावरचं मी कसं मिटवनार?”

मी कपाळाला हात लावला. याच्याशी भांडायचं तरी काय? त्याच्या बाजूनं सगळं रीतसर होतं. मान म्हणून नाव घातलं, मान म्हणून मिटवलं नाही. मानापोटी आमचा म्हातारा माणूस बुडता बुडता वाचला होता. मी त्याच्यासमोरच कमांड लिहिली. आबांच्या नावावरच्या सगळ्या तक्रारी सचिवाच्या नावावर. एंटर मारलं. एका ओळीत काम झालं. दुसऱ्या दिवसापासून आबांना मेसेज जाणं बंद. आत्याबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

आठेक दिवसांनी अंगणातून हाक आली. “पोरी, खाली ये.”

आबा काठी टेकत आले होते. प्लास्टरचा पाय पुढे पसरून कट्ट्यावर बसले होते, मागे आत्याबाई. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

“बिगाडला का बग. सकाळचा वाजतच न्हाई.”

मी फोन हातात घेतला. उगाच बटणं दाबली, मागचं झाकण काढून परत लावलं. आत्याबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या, खोटं बोल म्हणून. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण तेव्हा सुचलं नाही.

“फोन चांगला आहे, आबा. मी तुमचं नाव काढलंय. कुणी तुम्हाला काम सांगत नव्हतं. ते नाव नुसतं मानाचं म्हणून टाकलं होतं.”

मला वाटलं, आता यांचा चेहरा पडणार. तो पडला नाही.

“ठाऊक हाये मला,” आबा म्हणाले.

मी फोन कट्ट्यावर ठेवला.

“येडा समजतीस व्हय मला? मी माझ्या बापाचं नाव आसंच टाकायचो. लाइनीच्या पैल्या अर्जावर वर नाव बापाचं. म्हातारा खाटंवर पडून आसायचा. कंदी इचारलं न्हाई, बाबा, पाइप कुठनं न्यायचा. मान दिला की झालं, मंग इचारायचं कशाला?”

“मग ठाऊक होतं तर गेलात कशाला तिथे?” माझा आवाज चढला. “मेला असता तुम्ही त्या खड्ड्यात!”

“तू बोलावलंस म्हनून गेलो. समदी म्हंत्यात, आबा तुमी बसा. आबा, तुमी नगा उठू. तुझं मशीन म्हनायचं, लक्ष द्यावे.” त्यांनी ते दोन शब्द अगदी माझ्या मजकुरातल्यासारखे, सरकारी थाटात म्हटले. “किती वर्सांनी म्हनलं कुनी.”

तो मजकूर मी चहा पिता पिता लिहिला होता.

“मेलो आसतो, ती चूक माझी,” ते म्हणाले. “तुला बोल न्हाई लावत. पन नाव टाकताना मला इचारलं न्हाई. काढताना बी न्हाई. लाइन माझी, नाव माझं, पाय बी माझाच. काढताना तरी इचारायचं व्हतं, पोरी.”

ते उठले. आत्याबाई त्यांना धरायला गेल्या, तर हात झटकून काठीनं चालत गेले. मी कट्ट्यावर तशीच बसून राहिले. वाईट वाटलं असं म्हणणं कमी होईल. मला लाज वाटली, आणि मग राग आला, कारण ऑफिसात माझंही नाव कामांवर असंच टाकतात. सकाळी लॅपटॉप उघडला की चार कामं माझ्या नावावर येऊन पडलेली असतात. घेतेस का, असं मला कुणी एकदाही विचारलेलं नाही, आणि असं विचारायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तर टूलमध्ये घातलं नसतं का?

आता घातलं. नवी कमांड केली, ‘तक्रार विचार’. आता कुणाचंही नाव थेट लागत नाही. आधी त्याला मेसेज जातो: ‘अमुक काम आहे. घेता का? हो असेल तर १ पाठवा, नाही तर २.’ एक आला तरच नाव लागतं. आणि काम झालं की मेसेजला ‘झालं’ असं उत्तर दिलं की तक्रार तिथेच मिटते, सचिवाकडे जावं लागत नाही.

सचिवाला हे काही पटलं नाही. “आबास्नी इचारायचं? आन् त्यांनी नाय म्हनायचं? लई वंगाळ दिसंल, वहिनी. आन् पायाला प्लास्टर हाये त्यांच्या, इचारून काय करनार?”

“प्लास्टर पायाला आहे,” मी म्हणाले. “तू पाठव.”

सात नंबरची चक्री फिरत नव्हती. त्यानं नाखुशीनं कमांड लिहिली, कोण म्हटल्यावर आबा लिहिलं आणि एंटर मारलं. आम्ही दोघं खिडकीतल्या त्या तडा गेलेल्या फोनकडे बघत बसलो. चहा आला, संपला. सचिव म्हणाला, बगा, राग आला आसंल त्यांना. मलाही तीच धास्ती होती. एवढ्यात फोन थरथरला.

२.

सचिवाचं तोंड उघडंच राहिलं. “नाय म्हनले? आबा?” लाइनीच्या कामाला आबांनी नाही म्हटलेलं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला.

मग दुसरा मेसेज आला. बटणांच्या फोनवर एकेक अक्षर दाबत त्यांनी किती वेळ घातला असेल, कुणास ठाऊक. ‘पलास्टर निगाल्यावर १.’

टूल तिथेच अडकलं आणि लाल अक्षरांत चूक दाखवायला लागलं, कारण मी त्याला नुसतं एक आणि दोन एवढंच शिकवलं होतं. सचिवानं फोन हातात घेतला, तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग पाना उचलून सात नंबरला निघाला. जिन्यात थांबला आणि मागे वळून न बघता म्हणाला, “वहिनी, उद्यापास्नं मला बी इचारत जा.”